स्ट्रीमरला वेगळा डॅक जोडताना: मुंबईतल्या घरासाठी पायरी-पायरीने

घरात बरा अँप्लिफायर आहे, स्पीकर आहेत, पण गाणी अजून मोबाइलवरून ब्लूटूथनेच वाजतात, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या घरी ही जोडणी झाल्यावर ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी ती करून दिली. गिरगावातल्या दोन खोल्या असोत की मुलुंडचा टू बीएचके, लोक अडतात त्या जागा बहुतेक त्याच असतात. त्या आधीच माहीत असल्या तर पैसेही वाचतात आणि रविवारही.

आधी दोन शब्द समजून घेऊ. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरातल्या हार्ड डिस्कवरून गाण्याचा डेटा आणून देणारा डबा. डॅक म्हणजे त्या आकड्यांचा अँप्लिफायरला चालेल असा सिग्नल बनवणारा डबा. आवाज मोठा करायचं काम अँप्लिफायरचं. ही तीन कामं तीन ठिकाणी नीट वाटलेली असली की जोडणी जमली. एकच काम दोन ठिकाणी होऊ लागलं की गडबड सुरू होते. दोनदा रूपांतर, दोन ठिकाणी व्हॉल्यूम, दोन ठिकाणी इक्वलायझर. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीत आपण हेच टाळणार आहोत.

१. वेगळा डॅक खरंच हवाय का, ते आधी ठरवा

ज्या स्ट्रीमरला लाल-पांढरी आरसीए सॉकेट्स आहेत, त्याच्या पोटात डॅक आहेच. मग वेगळा कशाला? पटण्यासारखी कारणं चार.

एक, स्ट्रीमरमधला डॅक कामचलाऊ आहे. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') च्या हेडफोन जॅकमधून येणारा आवाज हाय-फायसाठी नाही, तिथे वेगळा डॅक हवाच. दोन, टीव्ही, सीडी प्लेयर, कॉम्प्युटर आणि स्ट्रीमर हे सगळं एकाच डॅकमध्ये आणून एका बटणावर बदलायचं आहे. तीन, सध्याच्या जोडणीत गुणगुण किंवा खरखर येते आणि ती स्ट्रीमरच्या अॅनालॉग बाजूनेच येते हे तुम्ही तपासलं आहे. चार, स्ट्रीमरचं सॉफ्टवेअर काही वर्षांत जुनं होतं, अॅप बंद पडतं. चांगला डॅक मात्र पुढच्या स्ट्रीमरलाही चालतो.

यातलं एकही लागू नसेल तर थांबा. आजच्या दोन चांगल्या डॅकमधला फरक लहान असतो. स्पीकर भिंतीला चिकटून शोकेसच्या कप्प्यात कोंबले असतील, तर ते फूटभर पुढे ओढून जो फरक पडेल तो महागड्या डॅकनेही पडणार नाही. आधी ते करून ऐका.

दोन ठिकाणी वेगळा डॅक लावणं म्हणजे सरळ पैसे वाया. पहिलं, होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर. त्याला डॅकमधून अॅनालॉग सिग्नल दिला तर बरेच रिसीव्हर तो पुन्हा डिजिटल करतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि परत अॅनालॉग करतात. 'प्युअर डायरेक्ट' सारखा मोड असेल तर हे टळतं, पण त्यापेक्षा स्ट्रीमरची ऑप्टिकल केबल थेट रिसीव्हरला लावा. दुसरं, आत डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेले अॅक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ज्यांच्या पोटातच अँप्लिफायर असतो ते. तिथेही तीच गत. त्यांना डिजिटल इनपुट असेल तर तेच वापरा.

२. वायर आधी ठरवा, डबे नंतर

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. छान रिव्ह्यू वाचून स्ट्रीमर घेतला, दुसरा रिव्ह्यू वाचून डॅक घेतला, आणि घरी आल्यावर कळलं की दोघांना जोडणारी वायरच नाही. उदाहरणार्थ, वीम प्रो या स्ट्रीमरला ऑप्टिकल आणि कोअॅक्सियल आउटपुट आहे, पण त्याचा यूएसबी-सी पोर्ट फक्त पॉवरसाठी आहे. त्याला फक्त यूएसबी इनपुट असलेला डॅक जोडताच येत नाही. वीम अल्ट्राला यूएसबी आउटपुट आहे. रास्पबेरी पायचं उलटं: यूएसबी भरपूर, पण ऑप्टिकल-कोअॅक्सियल हवं तर वरून वेगळं बोर्ड बसवावं लागतं. म्हणून कागदावर स्ट्रीमरची आउटपुट्स आणि डॅकची इनपुट्स शेजारी शेजारी लिहा, आणि जुळलं तरच पुढे जा.

*यूएसबी.* यात डॅकचं घड्याळ मालक असतं. आजचे बहुतेक सगळे यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे डेटा किती वेगाने हवा ते डॅक सांगतो आणि स्ट्रीमर तसा पाठवतो. जास्त सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो किलोहर्ट्झमधला आकडा) आणि डीएसडी (डिजिटल संगीताचा एक वेगळा प्रकार) हवं असेल तर हाच मार्ग. तोटा असा की स्ट्रीमरच्या पॉवर सप्लायची खरखर याच वायरमधून डॅकमध्ये येऊ शकते. केबल साध्या प्रिंटरची असते तीच, एका टोकाला चौकोनी प्लग असलेली. दीड-दोन मीटरच्या आत ठेवा. काही नव्या डॅकना यूएसबी-सी असतं, ते बघून केबल घ्या.

*कोअॅक्सियल.* एकच आरसीए प्लग, ७५ ओहमची केबल. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत व्यवस्थित चालते. इथे घड्याळ स्ट्रीमरचं असतं आणि डॅक त्याच्याशी जुळवून घेतो. खास 'डिजिटल' लिहिलेल्या केबलसाठी हजारो रुपये घालवू नका. जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर लाल-पांढरी-पिवळी अशी तिहेरी वायर यायची, आठवतेय? त्यातली पिवळी व्हिडिओची. व्हिडिओ केबलही ७५ ओहमचीच असायला हवी, त्यामुळे ती धड असेल तर इथे छान चालते. माळ्यावरच्या खोक्यात शोधा, बहुतेक सापडेल.

*ऑप्टिकल.* तोशिबाने १९८३ साली आणलेली टॉसलिंक. यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणूनच गुणगुण असलेल्या घरात हे औषध आहे, कारण दोन डब्यांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. ९६ किलोहर्ट्झपर्यंत बिनधास्त धरा. १९२ काही जोड्यांमध्ये चालतं, काहींमध्ये आवाज तुटतो. केबल काटकोनात दुमडायची नाही. आणि नवी केबल आणली की तिच्या दोन्ही टोकांवर बारीकशी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते, ती काढायची. 'डॅक खराब आला' म्हणून मला बोलावलेल्या एका घरात प्रकरण एवढंच होतं: टोपी अर्धवट आत गेली होती आणि प्लग 'टक्' असा बसतच नव्हता.

माझं मत विचाराल तर सुरुवात ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियलने करा. कमी भानगडी. ऐकायला मिळणारं बहुतेक संगीत सीडीच्या दर्जाचं, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचं असतं, आणि ते या दोन्हींतून जसंच्या तसं जातं. आकाशवाणीच्या संग्रहातली जुनी मोनो रेकॉर्डिंग तर १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये भरली म्हणून जास्त काही देत नाहीत. टेपवर जे होतं तेच मिळणार.

काही मोठ्या डॅकवर एचडीएमआयसारखं दिसणारं आयटूएस (डिजिटल जोडणीचा आणखी एक प्रकार) सॉकेट असतं. त्याच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. त्यात टीव्हीची केबल खुपसू नका.

३. काय काय गोळा करायचं

- स्ट्रीमर: तयार डबा, किंवा रास्पबेरी पाय ४, त्याचा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, १६ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आणि केस
- डॅक आणि त्याचाच अडॅप्टर
- स्ट्रीमर ते डॅक: ठरवलेली एक डिजिटल केबल
- डॅक ते अँप्लिफायर: आरसीएची लाल-पांढरी जोडी, अर्धा ते एक मीटर
- राउटर ते स्ट्रीमर: कॅट ६ केबल, शक्य असेल तर
- अर्थिंग असलेला चांगला स्पाइक गार्ड
- मास्किंग टेप आणि मार्कर

कागदपत्रांमध्ये जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबरचा फोटो. डॅक परदेशातून कुरियरने मागवणार असाल तर केवायसीसाठी पॅन किंवा आधार मागतात, आणि किमतीवर कस्टम ड्यूटी व आयजीएसटी लागतो. परदेशी साइटवरची किंमत रुपयांत बदलून 'इथले दुकानदार लुटतात' असं म्हणण्याआधी हा हिशेब करून बघा. बऱ्याचदा भारतातल्या अधिकृत विक्रेत्याची किंमत फार लांब नसते, आणि बिघडलं तर दुरुस्तीला पार्सल परत परदेशी पाठवावं लागत नाही.

४. खरेदीला जाताना

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गाठता येतो. केबल, कनेक्टर, स्पाइक गार्ड, एसडी कार्ड, पाय आणि त्याच्या केस यासाठी तीच जागा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारी गर्दी. 'हाय-फाय डिजिटल केबल' मागितलीत तर किंमत एक, आणि '७५ ओहमची व्हिडिओ केबल, दोन्हीकडे आरसीए' म्हणालात तर दुसरी. काही दुकानांत हव्या त्या लांबीची आरजी ५९ कापून दोन्हीकडे प्लग लावून देतात. दुकानातच मल्टिमीटरने आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना चिकटलेली नाही ना, हे बघून घ्या.

डॅक मात्र रस्त्यावरच्या गाळ्यातून बिनबिलाचा घेऊ नका. टॉपिंग, एसएमएसएल, फीओ या चिनी कंपन्यांचे सुरुवातीच्या किमतीतले डॅक मोजमापात उत्तम असतात आणि पहिल्या जोडणीला पुरून उरतात. जाहिरातीत 'एमक्यूए' (संगीताची फाइल दाबून पाठवायची एक पद्धत, त्याच नावाच्या कंपनीची) दिसलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ती कंपनी २०२३ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, नंतर दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि तिचा सगळ्यात मोठा आधार असलेली टायडल ही संगीत सेवा २०२४ मध्ये फ्लॅककडे, म्हणजे दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या खुल्या पद्धतीकडे वळली.

चोरबाजारातून जुना जपानी डॅक किंवा सीडी प्लेयर घेण्याचा मोह होतो. जपानमधला माल १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

५. नेटवर्क आधी, संगीत नंतर

सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं संगीत सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट घेतं, फ्लॅकमध्ये त्याहून बरंच कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झलाही ९.२ मेगाबिटच्या आसपास लागतात. म्हणजे तुमचा १०० एमबीपीएसचा प्लॅन गरजेपेक्षा जास्तच आहे. गाणं अडखळतं ते वेग कमी म्हणून नाही, वाय-फाय मध्येच तुटतं म्हणून.

मुंबईच्या इमारतीत ते तुटायला सगळी कारणं हजर असतात. फायबरची वायर मुख्य दाराच्या वरून येते, राउटर तिथेच माळ्याखाली टांगलेला, आणि अँप्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये आरसीसीची भिंत. त्यात वरच्या, खालच्या, शेजारच्या बिऱ्हाडांची नेटवर्कं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि ती सगळ्यांनी वाटून घेतलेली. शक्य असेल तर वायरमनकडून कॅट ६ केबल केसिंग पट्टीत टाकून राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत आणा. डॅकवर दुप्पट खर्च करण्यापेक्षा याने जास्त समाधान मिळतं. केबल जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. पाय धातूच्या बंद केसमध्ये असेल तर त्याचं वाय-फाय कमजोर पडतं हेही लक्षात ठेवा.

मोबाइल आणि स्ट्रीमर एकाच नेटवर्कवर हवेत. मोबाइल 'गेस्ट' वाय-फायवर असेल किंवा त्यात व्हीपीएन चालू असेल, तर अॅपला स्ट्रीमर दिसतच नाही, आणि लोक स्ट्रीमर रिसेट करत बसतात.

६. जोडणी: सगळं बंद करून

अँप्लिफायर, डॅक, स्ट्रीमर, तिन्हींचे प्लग काढा. मग या क्रमाने:

१. डॅकचं लाइन आउट अँप्लिफायरच्या 'सीडी' किंवा 'ऑक्स' सॉकेटला. 'फोनो' सॉकेटला कधीच नाही. तिथे रेकॉर्ड प्लेयरचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल अपेक्षित असतो, डॅक साधारण २ व्होल्ट देतो.
२. स्ट्रीमरचं डिजिटल आउट डॅकच्या डिजिटल इनला. स्ट्रीमरची लाल-पांढरी सॉकेट्स मोकळीच राहतील. 'तीही लावून टाकू' असं करू नका.
३. नेटवर्क केबल.
४. अडॅप्टर.

अडॅप्टरपाशी जरा थांबा. फायबर राउटरचा अडॅप्टर साधारण १२ व्होल्टचा. डॅकचा काही वेळा ५ व्होल्टचा, काही वेळा १२ किंवा १५ चा. सगळ्यांची गोल पिन दिसायला एकसारखी आणि बहुतेक वेळा एकाच मापाची. टीव्हीमागच्या अंधारात राउटरचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या डॅकमध्ये गेला, तर डॅक तिथल्या तिथे संपतो. वॉरंटीही मिळत नाही. म्हणून यादीत मास्किंग टेप आहे: प्रत्येक अडॅप्टरच्या पिनेजवळ टेप गुंडाळा आणि त्यावर 'डॅक ५ व्ही', 'राउटर १२ व्ही' असं लिहा.

चालू करताना स्ट्रीमर, मग डॅक, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलटं. पाय असेल तर आधी अॅपमधून शटडाउन करा आणि मगच स्विच बंद करा, नाहीतर एसडी कार्ड खराब होतं. यूएसबीवरूनच वीज घेणारा डॅक पायला लावणार असाल, तर पाय ४ चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतो. त्यावरच हार्ड डिस्कही टांगली तर दोघं रुसतात.

७. सेटिंग: व्हॉल्यूम एकाच ठिकाणी

अँप्लिफायरला व्हॉल्यूमचा नॉब असेल, तर स्ट्रीमरमध्ये 'फिक्स्ड व्हॉल्यूम' चालू करा. व्हॉल्यूमिओ (पायला स्ट्रीमर बनवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात मिक्सर 'नन' ठेवा. डॅकला प्री-अँप मोड (डॅकवरूनच आवाज कमी-जास्त करायचा) असेल तर तो बंद करून डॅक मोड निवडा. मग आवाज फक्त अँप्लिफायरवरून.

धोका इथेच आहे, नीट वाचा. डॅक थेट पॉवर अँप्लिफायरला किंवा नॉब नसलेल्या अॅक्टिव्ह स्पीकरना जोडलेला असेल, तर फिक्स्ड व्हॉल्यूम म्हणजे पूर्ण ताकदीचा आवाज. पहिल्या गाण्यातच ट्वीटर (स्पीकरमधले बारीक, उंच सुरांचे भाग) जाऊ शकतात, आणि छोट्या खोलीत कानांनाही इजा होते. तिथे व्हॉल्यूम डॅकवर ठेवा, आणि पहिल्यांदा अगदी तळाला नेऊन सुरुवात करा.

रिमोट नसलेला जुना अँप्लिफायर असेल आणि बसल्या जागेवरून आवाज कमी-जास्त करायचा असेल, तर स्ट्रीमरचा डिजिटल व्हॉल्यूम वापरला म्हणून बिघडत नाही, पण स्ट्रीमरचं आउटपुट २४ बिटवर ठेवा. १६ बिटच्या गाण्याला वर ८ बिट मोकळे मिळतात, आणि एका बिटला ६ डेसिबल धरले तर ४८ डेसिबलपर्यंत आवाज उतरवूनही मूळ माहिती शाबूत राहते. डीएसडी वाजवताना मात्र डिजिटल व्हॉल्यूमला हात लावू नका. डीओपी पद्धतीने, म्हणजे साध्या डिजिटल आवाजाच्या वेष्टनातून जाणाऱ्या डीएसडीच्या डेटात बदल झाला की संगीताऐवजी नुसती खरखर येते.

बाकी सेटिंग पटकन. रीसॅम्पलिंग (गाण्याचा सॅम्पल रेट बदलणं) बंद, अपसॅम्पलिंग (तो वाढवणं) बंद, इक्वलायझर सुरुवातीला बंद. आउटपुटची कमाल मर्यादा डॅकला झेपेल ती: ऑप्टिकल असेल तर ९६, कोअॅक्सियलला १९२. डॅकमधले 'शार्प', 'स्लो' वगैरे फिल्टर आहेत तसे राहू द्या. संगीत सेवेच्या अॅपमध्ये जाऊन दर्जाचं सेटिंगही बघा, कारण लॉसलेसचा (दर्जा न घटवणारा) पर्याय असला तरी तो आपोआप चालू असेलच असं नाही.

आणि गाणं स्ट्रीमरपर्यंत कुठल्या वाटेने येतं ते बघा. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत मोबाइल फक्त रिमोट असतो, स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून गाणं घेतो. एअरप्लेमध्ये गाणं मोबाइलमधून जातं आणि साधारण सीडीच्या दर्जापर्यंतच जातं. ब्लूटूथमध्ये ते दाबलं जातं. एवढं सगळं जोडून शेवटी सवयीने ब्लूटूथच वापरणारी घरं मी पाहिली आहेत.

८. बरोबर झालंय का, हे डॅकलाच विचारा

डॅकला पडदा असेल तर त्यावर सॅम्पल रेट दिसतो. पडदा नसेल तर दिव्याचा रंग बदलतो, कोणत्या रंगाचा अर्थ काय ते माहितीपत्रकात असतं. सीडीच्या दर्जाचं गाणं लावा. '४४.१' दिसलं तर डेटा त्याच रेटने पोचतोय. '४८' दिसलं तर वाटेत कोणीतरी गाणं बदलतंय: मोबाइल, कास्टिंग, किंवा स्ट्रीमरमधलं राहून गेलेलं एखादं सेटिंग. मग ९६ चं गाणं लावा, आकडा बदलायला हवा. प्रत्येक गाण्याला एकच आकडा दिसत असेल तर रीसॅम्पलिंग कुठेतरी चालू आहे.

पुढची तपासणी शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आवर्जून करावी. सॅम्पल रेट बदलला की डॅक क्षणभर आवाज बंद करून नव्या रेटशी जुळवून घेतो. फिल्मी गाण्यात हे कळत नाही. पण तानपुऱ्यावर गायकाने लावलेला पहिला सा डोकं उडालेला ऐकू येतो, 'सा'चा नुसता 'आ'. रून या संगीत वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'रीसिंक डिले' नावाचं सेटिंग आहे, ते थोडं वाढवलं की डॅक तयार होईपर्यंत गाणं थांबतं. असं सेटिंग नसेल तर एका यादीत वेगवेगळ्या रेटची गाणी मिसळू नका. तसंच 'गॅपलेस' चालू आहे ना, ते बघा. विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेले असतात, आणि मध्ये तानपुरा तुटला की बैठकच मोडते.

दोन डॅकची तुलना करायची असेल तर आवाज आधी सारखा करा. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि या एका गोष्टीमुळे लोकांचे पैसे वाया जातात. ४०० हर्ट्झचा एकसलग सूर लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, आणि दोन्ही डॅकचं मोजमाप एका टक्क्याच्या आत आणा. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. मग घरातल्या कोणाला तरी डॅक बदलायला सांगा आणि तुम्ही न बघता ऐका.

९. अडलं तर

*आवाजच नाही.* डॅकवर इनपुट बरोबर निवडलाय का? ऑप्टिकलच्या टोकातून लाल प्रकाश दिसतोय का? टीव्ही जोडला असेल तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा. डॉल्बीचा सिग्नल साध्या स्टीरिओ डॅकला कळत नाही.

*टिकटिक किंवा मध्येच तुटणं.* ऑप्टिकलवर १९२ चालवताय का बघा, ९६ करा. यूएसबी असेल तर हब काढून थेट लावा. तरीही तुटलं तर नेटवर्क केबलने जोडून बघा.

*सतत गुणगुण.* ही बहुतेक वेळा ५० हर्ट्झची, विजेच्या जोडणीतून आलेली. सगळं चालू ठेवून सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा प्रवाह केबल टीव्हीच्या वायरमधून फिरतोय. टीव्ही आणि डॅकमध्ये ऑप्टिकल वापरा, प्रश्न मिटतो. थांबली नाही तर अँप्लिफायर, डॅक, स्ट्रीमर तिघांनाही एकाच स्पाइक गार्डवर आणा. तेवढ्यानेही गेली नाही तर स्ट्रीमर ते डॅक यूएसबी किंवा कोअॅक्सियल असल्यास तिथेही ऑप्टिकल लावून बघा.

गुणगुण घालवायला प्लगची जाड अर्थ पिन काढू किंवा कापू नका. कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही. जुन्या चाळीत आणि पागडीच्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. डॅकच्या धातूच्या पेटीवर बोट फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर अर्थिंग नाही असा संशय घ्या आणि परवानाधारक वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या. हा खर्च संगीताचा नाही, घराच्या सुरक्षिततेचा आहे.

१०. पावसाळ्यासाठी

खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा दमटपणा, याने आरसीए प्लगवर काळपट थर चढतो. एक बाजू मधूनच जाते, हलवली की येते, आणि लोक डॅक दुरुस्तीला नेतात. महिन्यातून एकदा सगळं बंद करून प्रत्येक आरसीए प्लग जागच्या जागी दोन-तीन वेळा फिरवा. एवढ्याने थर खरवडला जातो. जास्त काळा पडला असेल तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर कापडावर घेऊन पुसा, थेट सॉकेटमध्ये फवारू नका. न वापरलेल्या ऑप्टिकल सॉकेटला रबरी बूच येतं ते लावून ठेवा, नाहीतर धूळ आणि बारीक किडे आत जातात.

डॅक अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, तिथली उष्णता त्याला मानवत नाही. खिडकीच्या ग्रिलजवळ, जिथे पावसाची झड येते, तिथेही नको. गणपतीत किंवा मे महिन्यात गावाला जाणार असाल तर स्पाइक गार्डचं नुसतं बटण बंद करू नका, प्लग भिंतीतून काढा, आणि राउटर ते स्ट्रीमरची केबलही काढून ठेवा. विजा कडाडतात तेव्हा झटका नेटवर्कच्या वायरनेही येतो.